रानकेसरची बोलती बंद

तलवाडा,
कापूस वेचणीचे दिवस

चि. तेजश्रीस मामाचे भरघोस आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे. (पत्राची सुरुवात खोट्यानं करू नये म्हणतात, पण कुशल नाही असं पहिल्याच ओळीत लिहिलं तर तू पुढचं न वाचता एसटी पकडशील, आणि पुढचं वाचणं जास्त गरजेचं आहे.) तुझी तब्येत कशी आहे? तुझी आई, म्हणजे माझी थोरली बहीण, सांगत होती की तू पुण्यात दिवसभर काँप्युटरपुढं बसून राक्षसांना शिंगं लावतेस आणि जेवायचं विसरतेस. राक्षस थांबतात, पोरी. भाकरी गार होते. माझा डावा गुडघा उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही, म्हणून मी सध्या जमेल तितकं चढतच असतो.

तुझा निरोप मोबाइलवर मिळाला. तुझ्या त्या मोबाइलवरच्या खेळाचा, रानकेसरचा, दुसरा भाग निघतोय, कंपनीला मामीच्या आवाजातली आणखी थोडी वाक्यं पाहिजेत, तर मामा, तिला कळू न देता रेकॉर्ड करून पाठवाल का, असं तू विचारलंस. याचं उत्तर फोनवर देता आलं असतं, पण तुझ्यामुळं माझा फोनवरचा विश्वासच उडालाय. त्याच्यापुढं मी आता खोकतसुद्धा नाही. उद्या माझा खोकला एखाद्या वेताळाच्या तोंडी बसलेला निघायचा. म्हणून हे पत्र.

आता तू म्हणशील, रानकेसर मी घडवली, तिची गोष्ट मामा मलाच काय सांगतो? पण घडवलीस तू पुण्यात, आणि भोगली आम्ही तलवाड्यात. मागल्या साली तू आलीस तेव्हा तोंड पाडून आली होतीस. खेळासाठी एक नायिका काढ म्हणून तुला सांगितलं होतं, आणि तू काढलेली तलवारवाली, चवळीच्या शेंगेसारखी पोरगी तुझ्या साहेबानं ‘असल्या छप्पन्न बघितल्या’ म्हणून परत केली होती. तू ओट्यावर बसून नुसत्या शेंगा फोडत होतीस. (खात नव्हतीस, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.) आणि त्याच सकाळी ज्वारीत रानडुक्कर शिरलं. आता रानात डुक्कर शिरल्यावर घरच्या पुरुषानं काय करायचं असतं? आरडाओरडा करायचा असतो. तो मी बाजेवरून करत होतोच. पण तुझ्या मामीनं कासोटा आवळला, खुरपं उचललं, पाण्याची चारी एका उडीत ओलांडली आणि “थांब मेल्या, तुझ्या बापानं पेरली व्हती का ज्वारी?” असं विचारत त्याच्या मागं सुटली. डुक्कर थांबून उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हतं. मी डुकराकडं बघत होतो आणि तू मामीकडं. माझं वाटोळं तिथंच सुरू झालं.

मग जाईपर्यंत तू फोन हातात धरून तिच्या मागं मागं. ती भाकरी थापते, तू मागं. ती मला बोलते, तू मागं. मला वाटलं, शहरातली पोर, मामीची आठवण म्हणून नेत असेल. आठवण कसली? सहा महिन्यांत ती बाई फोनात उतरली. कपाळावर आडवं कुंकू, कानामागं पिकलेले केस, हातात खुरपं. जखम झाली की ठेचा-भाकरी खाऊन ताजीतवानी होणारी. आणि खेळणारा जरा थांबला की ती मागं वळून म्हणते, “आवो, बसलाव कावून? रान काय आपल्या पायानं घरी येणार हाय?” ‘कावून’ म्हणजे ‘का’ हेसुद्धा ठाऊक नसलेल्या सगळ्या महाराष्ट्राला वाटलं, काय झकास लिहिलंय. लिहिलंय कुणी? ते माझ्या संसारातलं रोजचं बोलणं! मला हाटेलात बसायची चोरी झाली. पलीकडच्या बाकावरचं पोरगं खेळायला लागायचं, आणि त्याच्या हातातून तुझ्या मामीचा आवाज आला रे आला, की मी अर्धा चहा टाकून उभा. दोनदा तर मी शेतापर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं की बोलावणं मला नव्हतं.

आणि तो घोरासुर! लिंबाखाली तोंडावर टोपी टाकून पसरलेला, रस्ता अडवून घोरणारा राक्षस. ती टोपी कुणाची, ती मिशी कुणाची, याबद्दल मी एक शब्द बोलत नाही. पण घोरणं मी ओळखलं. मी आयुष्यभर एसटीत कंडक्टर होतो. प्रवासी माझ्या नावानं काय काय बोलले असतील, पण राक्षस कुणी म्हटलं नव्हतं. तो मान भाचीनं दिला.

एक मात्र कबूल करतो. पोरींना तुझ्या रानकेसरनं वेड लावलं. बाजारात शिवलेली लहान लुगडी आली, कासोट्यासकट. कालपर्यंत चारीच्या काठावरून लांब फेरा मारून शाळेत जाणाऱ्या पोरी आता दप्तर आधी पलीकडं फेकतात आणि मागून स्वतः उडी घेतात. शाळेतल्या सुरेखाबाईंची फार पंचाईत झाली. गॅदरिंगला झाडून सगळ्या पोरींना रानकेसर व्हायचं होतं, राक्षस व्हायला कुणी तयार होईना. शेवटी एकाच स्टेजवर रानकेसरांची फौज आणि त्यांच्यापुढं एकटा हेडमास्तर, घोरासुर म्हणून आडवा. (चांगलं घोरले. पण माझी सर नाही.) ह्यातलं तुझ्या मामीला काहीच ठाऊक नव्हतं. तिचा फोन बटनांचा, आणि तिला सांगायची गावात कुणाची छाती नव्हती. पोरी कासोटा घालून उड्या मारायला लागल्या, तेव्हा ती इतकंच म्हणाली, “चला, पोरींना अक्कल आली.”

मग नेकनूरला तिच्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि मी माझ्या जुन्या डेपोतल्या एका ड्रायव्हरबरोबर गप्पांत रंगलो. तुझ्या मामीनं मांडवाच्या त्या टोकावरून हाक दिली, “आवो, बसलाव कावून? पंगत काय आपल्या पायानं तुमच्यापुढं येणार हाय?” झालं. मांडवातल्या झाडून सगळ्या पोरांनी आपापले फोन बाहेर काढून बघितले, की आपला तर चालू राहिला नाही ना. मग सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी ओरडलं, “आरं, ही तर रानकेसर!” पुढचं काय सांगू? नवरा-नवरी स्टेजवर एकटे, आणि सगळं वऱ्हाड तुझ्या मामीबरोबर फोटोला उभं. नवऱ्यामुलाची बहीणसुद्धा. तुझ्या मामीला बिचारीला काही समजेना. तेव्हा एका पोरीनं आपला फोन तिच्यापुढं धरला आणि खेळ लावून दाखवला. एकेक वाक्य बाहेर पडायला लागलं. “तुमच्यानं एक काम धड व्हईल तर शपथ.” “उठा, दिस डोक्यावर आला.” प्रत्येक वाक्याला मांडव हसत होता, आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं. मला वाटलं, आता ही खुरपं मागवणार. तिनं काहीच मागवलं नाही. पदर सारखा केला आणि न जेवता गाडीत जाऊन बसली. घर येईपर्यंत एकच वाक्य बोलली: “माझ्या घरातलं बोलणं व्हतं ते.”

आणि तेजश्री, त्या दिवसापासून तुझी मामी गोड बोलायला लागली.

हसू नको. तुला कल्पना नाही. सकाळी उशिरा उठलो तर म्हणते, “झोप झाली का? चहा ठिवलाय.” मी आधी घाबरून डॉक्टरकडं जाऊन आलो, की मला काही मोठं दुखणं झालंय आणि हे माझ्यापासून लपवतायत. मग मी मुद्दाम वेडंवाकडं वागायला लागलो. चिखलाच्या चपला घालून थेट देवघरापर्यंत गेलो. “राहू द्या, पुसते.” पाण्याची मोटर चालू ठेवून देवीच्या डोंगराकडं फिरायला गेलो, आल्यावर बघतो तर कापसात तळं. “व्हतं आसं कधी कधी.” बोलताना आधी इकडंतिकडं बघते, फोन कुठं ठेवलाय ते. परवा पुन्हा डुक्कर आलं. तिनं बांधावरून हळू आवाजात “हाड, हाड” केलं. डुकरानं खाणं थांबवून मान वर केली आणि तिच्याकडं असं बघितलं, की बाई, बरं नाही का वाटत? आपले पुढारी अमरसिंहराव, ज्यांना बॅनर लावायला कुठलंही निमित्त पुरतं, त्यांनी तिचा जाहीर सत्कार ठेवला. (बॅनरवर रानकेसर एवढीशी आणि अमरसिंहराव एवढे, हे सांगायला नको.) शाल दिली, माइक पुढं केला, चार शब्द बोला म्हणाले. तिनं हात जोडले आणि खाली उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय विनय म्हणाले. मी कोपऱ्यात बसून रुमाल शोधत होतो. (गर्दीत धूळ फार होती.)

शेवटी मी काय केलं ते सांगतो, पण तुझ्या आईला सांगू नको. एका दुपारी शेजारच्या पोरीचा फोन मागून घेतला, लिंबाखाली बसलो, खेळ लावला आणि मुद्दाम न हलता राहिलो. “आवो, बसलाव कावून?” असं ती म्हणाली, आणि मी म्हणालो, “उठतो की गं.” पुन्हा न हलता बसलो, पुन्हा ती बोलली, पुन्हा मी उत्तर दिलं. असा आमचा संसार चालला असताना पाठीमागं सावली पडली. तुझी मामी. किती वेळ उभी होती कोण जाणे.  माझ्या हातातून फोन घेतला, शेजारी बसली आणि म्हणाली, “कसं चालवायचं हे?”

शिकायला वेळ लागला. आधी रानकेसर दोन-चार वेळा विहिरीत पडली. (तेव्हा मात्र “मी अशी आंधळी हाय का?” एवढं पुटपुटली, माझ्या कानांना अमृत.) मग डुकरं पिटाळली, चारी ओलांडली आणि घोरासुरापर्यंत पोचली. तिथं थांबली. समोर तो टोपी टाकून घोरतोय, हातात खुरपं तयार, आणि ही हलेना.

“घाल की डोक्यात,” मी म्हणालो. “सगळं गाव घालतंय.”

“झोपू द्या,” ती म्हणाली. “दमून झोपलेला दिसतोय.”

दमून! इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला गेला, आणि तोही राक्षसाच्या आडून.  तिनं फोन डोळ्यांजवळ नेऊन घोरासुराची टोपी आणि मिशी निरखली. मग म्हणाली, “पोरीनं हुबेहूब काढलंय. पण एकदा इचारायचं व्हतं. न्हाई म्हणले असते का मी? उलट बरं बोलले असते. त्या टायमाला माझा घसा बसला व्हता.”

फोन माझ्या मांडीवर ठेवून ती कापसाकडं निघून गेली. घोरासुर अजून तिथंच झोपलाय. शेजारच्या पोरीलाही मी त्याला हात लावू देत नाही.

तर तुझ्या निरोपाचं उत्तर असं, की गुपचूप रेकॉर्ड करण्यासारखं आमच्या घरात सध्या काही शिल्लक नाही. जेवत जा. आईला फोन करत जा. लहान-मोठ्यांना यथायोग्य सांग, साहेबाला मात्र काही सांगू नको.

तुझा मामा
मोहनराव (खेळात: घोरासुर)

ता. क. मोठ्या राक्षसाला बायको-पोरं असतील का, याचा कंपनीत कुणी विचार करतं का? सहज विचारलं.

ता. क. सहज विचारायचं ते वर झालं. आता खरं लिहितो. तू ये. फोन बॅगेत बंद ठेव, चुलीपुढं तिच्याशेजारी बस आणि तोंडानं विचार. आधी मागच्याबद्दल बोल, मग पुढच्याबद्दल. ती हो म्हणाली तर समोर बसवून रेकॉर्ड कर. नाही म्हणाली तर नाही, मग दुसरी बाई शोध, मी कंपनीच्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही. पण ये. या घरात आता भांड्यांचाच काय तो आवाज उरलाय, आणि भांडी मला नावानं बोलत नाहीत.

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो आणि पुन्हा उघडलं. लिहिण्याच्या नादात चुलीवरचं दूध माझ्या ध्यानातून पार गेलं. आईशप्पथ, या वेळी मुद्दाम नाही. दूध उतू गेलं, चूल विझली, सगळ्या घरात करपट वास. तुझी मामी दारात उभी राहिली, आणि तेजश्री, ती बोलली! फोन कुठं आहे ते बघितलं नाही, काही नाही. एका दमात, पदर खोचून, पार रस्त्यावरची माणसं थांबतील इतक्या खड्या आवाजात. काय बोलली ते इथं लिहीत नाही. हवं असेल तर येऊन तिलाच विचार.