सतरा नंबरच्या सीटची भरपाई

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी मी दरवेळी पत्राच्या शेवटी, जागा उरली तर करतो. या वेळी आधी करतो, कारण गुडघा हा काय प्रकार असतो ते आता मला समजलं आहे. भावोजींचा खोकला कमी असेल अशी आशा आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे असं लिहिणार होतो, पण ते विमा कंपनीच्या कानावर गेलं तर पंचाईत. (माझ्या डाव्या कानावर तर हल्ली काहीच जात नाही. त्याचं पुढे सांगतो.)

बसच्या अपघाताचं तुला फोनवर सांगितलं होतं, पण एक गोष्ट गाळून. माझं तिकीट सतरा नंबरचं, मधल्या वाटेकडचं. खिडकीशी, अठरा नंबरला, एक शिलाईवाल्या बाई होत्या. मला गाडी लागते असं सांगून मी त्यांच्याकडून खिडकी मिळवली. (मला गाडी लागत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? लहानपणी गाडी तुला लागायची आणि खिडकी मी अडवायचो.) अर्ध्या तासात बस रस्ता सोडून कलंडली. माझ्या बाजूला मऊ चिखल होता, मला खरचटलंसुद्धा नाही. वरच्या फळीवरची कुणाची तरी लोखंडी ट्रंक मात्र सुटली, ती थेट सतरा नंबरवर.

तीन महिन्यांनी कंपनीचा तडजोडीचा कागद आला. त्यांचा तपासनीस माणसं तपासत नसावा, नुसत्या सीटा तपासत असावा. सतरा नंबर म्हणजे मी, आणि मला झालेल्या इजा तीन: उजवा गुडघा, डावा कान आणि उजव्या हाताची पकड, कायमची. रक्कम सहा आकडी. (बाईंना अठरा नंबर म्हणून चष्म्याच्या एका काचेची भरपाई मिळाली, हे मागाहून कळलं.) प्रत्येक इजेपुढे एक चौकट, आणि वर छापलेलं, की ही इजा माझी असून मला मान्य आहे. चौकटीत छोटी सही करायची, तिन्ही झाल्या की कागद धाडायचा. मी आधी रक्कम वाजवी आहे का ते बघायला निघालो. खालच्या औषधवाल्याला विचारलं, की गुडघ्याला साधारण काय पडतं. तो म्हणाला, कुणाचा आहे त्यावर आहे.

मग पेन चालतं का ते बघायला म्हणून पहिल्या चौकटीत सही केली. (पेन चालत होतं. ते मला आधीही माहीत होतं.) सकाळी उठलो तर गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. तू म्हणशील, मग दुसरी सही कशाला केलीस? अगं, गुडघा खरोखरच दुखायला लागल्यावर मला वाटलं, आता आपण लबाड राहिलो नाही, नियमात बसलो. आठ दिवसांनी कानासमोर सही केली. तेव्हापासून डाव्या बाजूने बाहेरचं काही ऐकू येत नाही, आतलं येतं. कुठेतरी शिलाई मशीन चालू असतं. चार टाके चालतं, थांबतं, पुन्हा दोन टाके. कापड धरायला जावं आणि ते हातातून सुटावं, तसं. माझ्या घरात मशीन नाही. शेजारीही नाही, मी जाऊन पाहून आलो.

काल दुपारी बाई स्वतः आल्या. तीन जिने, काठीशिवाय. गुडघा एका सकाळी आपोआप बरा झाला म्हणाल्या, आणि तारीख सांगितली ती माझीच. कान उघडला ती तारीखही माझीच. त्यांना काही मागायचं नव्हतं. गाडी अजून लागते का हो तुम्हाला, एवढंच विचारलं. मला फार लाज वाटली, ताई. चहाचा कप त्यांनी डाव्या हातात घेतला. उजवा हात मांडीवर पडून होता, कुणी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसा. मशीन चालवता का, असं मी विचारलं, तर रोज बसून बघते म्हणाल्या. जाताना टेबलावरच्या कागदाकडे त्यांनी पाहिलं. तिसरी चौकट कोरी होती.

पण मी काही खुळा नाही. हात म्हणजे गुडघा नव्हे. चाळीस वर्षं कॉलेजातल्या प्रमाणपत्रांवर नावं लिहिली ती याच हाताने. माझ्यात सरळ असं एवढं अक्षरच आहे, हे तूच म्हणतेस. तेव्हा कागद उद्या परत धाडणार, रक्कम नको म्हणून कळवणार आणि विषय संपवणार. दोन इजा फुकटात पदरी पडल्या असं समजायचं. तुला काय वाटतं ते कळव.

तुझा धाकटा

ता. क. कागद पाकिटात घातला आहे, पण अजून चिकटवलेला नाही. कानातलं मशीन आज सकाळपासून एकदाही सुरू झालेलं नाही. त्याचीच वाट बघत टेबलाशी बसलो आहे. पेन हातातच आहे.

ता. क. २. ताईंना नमस्कार. हे मी, शिलाईवाली, लिहिते आहे. आज दुपारी माझी बोटं एकाएकी मिटली, सुईत दोरा गेला, म्हणून तशीच इकडे आले. तुमचे भाऊ समोर बसून सांगताहेत आणि मी लिहिते आहे. अक्षराला हसू नका, तीन-चार महिन्यांनी पेन धरलं आहे. ते म्हणतात, की पत्राचं मूळ कारण एवढंच, की जमलं तर आठ दिवस येऊन जा, शर्टाची बटणं लागत नाहीत. मी लावून देते म्हटलं, पण त्यांना तुम्हीच हव्या आहात. लहानपणच्या खिडकीबद्दलही काही सांगत होते, ते मध्येच थांबले. तिकीट सोबत ठेवलं आहे. अठरा नंबर, खिडकी. सतरा नंबरही त्यांनीच काढून ठेवला आहे. तिथे कुणाला बसू देऊ नका.