कातळापर्यंतचा रस्ता

आई, तू मला ज्या कातळावर बसवून पुढं जायचीस, तिथपर्यंत आता डांबरी रस्ता आलाय. खरंच. बदलापूरहून गाडी काढली की थेट कातळाला टेकते. तू असतीस तर आधी चप्पल काढून त्याच्यावर चार पावलं चालून बघितलं असतंस. मला मात्र त्या रस्त्याकडं बघवत नाही, आणि का ते तुला सोडून कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय. हा कागद कचेरीचा आहे. त्याच्यावर दुसरंच काहीतरी लिहायचं होतं.

तुझे लसीचे दिवस मला अजून आठवतात. विठ्ठलवाडीच्या चाळीतलं आपलं एवढंसं स्वयंपाकघर, स्टोव्हवर उकळणारा चहा आणि दाराशी तयार ठेवलेला लसीचा निळा डबा. उन्हाळ्यात आरोग्य केंद्रातली वीज गेली की तिथल्या फ्रीजचा काही उपयोग नसायचा, मग तू उल्हासनगरच्या सिंधी काकांकडून बर्फ आणायचीस. ते लादीवरचा भुसा झटकत म्हणायचे, "ले जाओ बहनजी, बच्चों का काम है." शाळेला सुट्टी असली की मी तुझ्या मागं. बदलापूरहून एसटी, आणि एसटी संपली की पाय. डोंगराच्या मध्यावर कातळ आला की तू शिट्टी फुंकतेस, आणि वरून वाडीतल्या ठाकर आदिवासींच्या बायका पोरं काखेला मारून उतरायला लागतात. अर्धी वाट आपण चढायची, अर्धी त्यांनी उतरायची, असं तुमचं ठरलेलं होतं. सगळ्यांचं टोचून झालं की तू मला सांगायचीस, "डब्यापाशी बस, हललीस तर याद राख," आणि थर्मास घेऊन झाडीत दिसेनाशी व्हायचीस. मला वाटायचं, कुणाच्या तरी घरी चहाला जातेस. माझ्यासाठी एकदाही आणला नाहीस म्हणून मी किती वेळा रुसलेय! पण विचारलं कधीच नाही. माझ्यासाठी वाडी म्हणजे तो कातळच होता.

एकदा मी डब्याचं झाकण उघडलं. बर्फाचा तुकडा चोखायला, दुसरं काय. ऊन मरणाचं होतं आणि तू काही येत नव्हतीस. झाकण उघडंच राहिलं, आणि पुढच्या वाडीसाठी ठेवलेल्या बाटल्या तापल्या. तू आलीस, बाटलीला हात लावलास आणि मला एक सणसणीत ठेवून दिलीस. संध्याकाळी घरी स्टोव्हशेजारी बसून तू रजिस्टरात लिहिलंस, ते मी तुझ्या खांद्यावरून वाचलं: झाकण उघडे राहिले. लस वाया गेली. चूक माझी. मी रडत म्हटलं, "अगं पण तुझी कुठं, माझी ना!" तू म्हणालीस, "डबा माझ्या ताब्यात होता," आणि तव्यावरची भाकरी उलटलीस. पुढं त्यासाठी तुला मेमो आला. तो तू ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलास आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाहीस.

आता माझं ऐक. तू गेल्यावर मी रस्त्यांच्या कामाच्या कचेरीत लागले हे तुला ठाऊक नाही. काही वर्षांपूर्वी प्रत्येक वाडी कुठं आहे ते मोबाइलवर टिंब टाकून दाखवायचं काम आलं. टिंब पडेल तिथपर्यंत रस्ता मंजूर. तुझी वाडी यादीत दिसली आणि मला कोण आनंद झाला! म्हटलं, ही माझी, हिला मीच जाणार. सोबत एक तरुण सहकारी होता. कातळाशी पोचलो तेव्हा माझे गुडघे बोलत होते, साडी घामानं चिकटली होती. मी तिथंच उभी राहून बटण दाबलं. तो म्हणाला, "मॅडम, पण घरं कुठायत?" मी त्याला काय म्हणावं? "वरती आहेत, दोन पावलांवर. मला नको शिकवू, मी परकराच्या वयापासून येतेय इथं." तो बिचारा माझ्या मागोमाग उतरायला लागला.

रस्ता आला. नारळ फुटला, मलाही पेढा मिळाला. पण त्याच्याबरोबर आणखी एक झालं, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुर्गम वाड्यांच्या यादीतून त्या वाडीचं नाव गेलं. दर महिन्याला नर्सताई वर चढायच्या, त्या यायच्या थांबल्या. रस्ता आहे ना, मग या की खाली. शिधा देणारी गाडीही कातळाशी उभी राहून परत फिरायला लागली. आई, रस्ता नव्हता तेव्हा निदान त्यांना रस्ता नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आता त्यांचं तेवढंही कुणी ऐकून घेत नाही. कागद पुढं करतात, की हे बघा, तुमच्या वाडीपर्यंत डांबर आहे.

मागच्या महिन्यात वाडीतल्या एका मुलीला भर दुपारी कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. एकानं रेंज मिळेल तिथपर्यंत पळत जाऊन फोन लावला, दवाखान्याची गाडी निघाली आणि कातळाशी आली. ड्रायव्हरच्या मोबाइलनं सांगितलं, वाडी आली. त्यानं हॉर्न दिले, वाट पाहिली, माणूस दिसेना, वरती फोनला रेंज नाही. कुणीतरी थट्टा केली समजून तो निघून गेला. तेव्हा घरची माणसं तिला झोळीत घालून अर्ध्या उतारावर होती. दुसरी गाडी येईपर्यंत फार उशीर झाला. मुलगी वाचली. बाळ गेलं.

त्याची चौकशी लागली आणि कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. वर लिहिलंय, रस्ता उपलब्ध असूनही नातेवाइकांनी रुग्णास आणण्यास विलंब केल्याचे दिसते. खाली आमच्यासाठी दोन प्रश्न. रस्ता प्रत्यक्ष वाडीपर्यंत पोचतो काय? नसल्यास, स्थानाची नोंद कोणी घेतली?

त्या रविवारी मी एकटी गेले. कातळाच्या पुढं आयुष्यात पहिल्यांदा. दोन पावलं म्हणे! डोंबल दोन पावलं. चार वेळा बसले, एकदा तर आता परत जावं असं वाटलं. वर पोचले तर अंगणात एक म्हातारी नाचणी पाखडत होती, त्या मुलीची आजेसासू. माझं तोंड बघत राहिली आणि म्हणाली, "तू नर्सबायची पोर ना? कातलावर बसायची ती?" मी हो म्हटलं. "तुजी आय हितवर यायची. थर्मासात औषध घेऊन. जिला उतराया जमत नव्हतं, तिच्या दारात यायची. माजी चारी पोरं तिनंच टोचली." आई, इतकी वर्षं मी चहावरून रुसले होते गं.

ती मुलगी दारात उभी होती. विशीचीसुद्धा नसेल. पदर छातीशी घट्ट धरलेला आणि तरी ओला दिसत होता. मी कचेरीतून आलेय एवढंच तिला कळलं होतं. हळूच म्हणाली, "बाय, आमी उशीर नाय केला. तेवढं लिवा." मी म्हटलं, "लिहिते." टिंब कुणी टाकलं ते नाही सांगितलं. तिनं मला पाणी दिलं आणि मी ते प्यायलेसुद्धा.

पहिल्या प्रश्नापुढं मी 'नाही' लिहिलंय, आई. ते जमलं. दुसऱ्यापुढं पेन टेकवते आणि उचलते. निवृत्तीला सात महिने राहिलेत, माझ्यावर चौकशी लागली तर पेन्शनसकट सगळंच अडकेल, असं स्वतःला सांगते. हे खरंही आहे. पण तुलाही तेव्हा नोकरी होती, मी होते, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. तुझे ते दोन शब्द, चूक माझी, मला रोज समोर दिसतात आणि हात पुढं सरकत नाही. 'नाही' एवढंच लिहून कागद पाठवावा तर तो अपूर्ण म्हणून परत येणार, आणि तोवर त्या माणसांवरचा ठपका तसाच राहणार.

आज साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "झालं का ते उत्तर?" साहेब नवीन आहेत, त्यांना आपल्या घरचं काही माहीत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आईची तब्येत बरी नाही, दोन दिवस द्या." ते म्हणाले, "अरेरे, काळजी घ्या त्यांची."

मी "हो" म्हटलं.