चिरेची पुंगळी

सनीव्हेल, अमेरिका

प्रिय राधिका,

अक्षर वेडंवाकडं आहे, हसू नकोस. चौथीत शाळा सुटली, मास्तरांनाही फार वाईट वाटलं नव्हतं. फोनवर बोलले तर सत्या, तुझा बाबा, भिंतीपलीकडून ऐकतो, म्हणून लिहिते. शेजारची तेलुगू बाई याचा फोटो काढून तुला धाडेल. तिला मराठी वाचता येत नाही, तेच बरं.

तुझी आई वारल्यावर सत्या त्याच्या दोस्ताबरोबर, अनिलकाकाबरोबर, पिस्तूल चालवायला जायला लागला, तेव्हा मी तोंड सोडलं होतं, की आपल्यात कोणी गोफणसुद्धा धरली नाही. पण शनिवारचा माणसांत जायचा, बाहेर काहीबाही खाऊन यायचा, म्हणून गप्प बसले. झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचून आणायचा आणि गॅरेजात दारू-शिसं घालून पुन्हा भरायचा, की झाली नवी गोळी. म्हटलं, पितळ मला शिकवू नकोस, जन्म ते घासण्यात गेला.

तेव्हापासून पुंगळ्या मीच निवडते. परातीत तांदळासारख्या पसरायच्या. लोहचुंबकाला चिकटली ती पितळच नव्हे, फेक. बुडाशी फुगलेली, फेक. तोंडाशी चीर आहे का ते उजेडाला धरून बघायचं. ओंजळीत खुळखुळवल्या की तडकलेली बद्द वाजते. बुडावरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण चेहऱ्यासारखी ओळखते, एका घरच्या एका डब्यात. एकदा उजळाव्यात म्हणून सगळ्या चिंचेच्या पाण्यात टाकून विसरले, तर लाल पडल्या. सत्या म्हणाला, आई, आंबटाने पितळ कच्चं होतं, माझ्या हातात फुटायची! आणि हसला. तुझी आई गेल्यावर हसला तो तेवढाच.

दिवाळीपासून जाणं बंद आहे. अनिल येऊन घंटा वाजवतो, हा आतून खुणावतो, झोपलाय म्हण. भरलेल्या होत्या तेवढ्या गोळ्या त्यालाच देऊन टाकल्या. तुझ्या आईचा कुकर शेजारणीला दिला. मला वाटलं, घर आवरतोय. जेव म्हटलं की जेवतो, आंघोळ कर म्हटलं की करतो. भांडतच नाही गं. माझ्याशी न भांडणारा माणूस या घरात अजून जन्मला नव्हता.

काल गॅरेजात आला. म्हणाला, आई, एक चांगली पुंगळी निवडून दे. म्हटलं, एक? म्हणाला, एकच. मी मुद्दाम तडकलेली दिली. त्याने उजेडाला धरली, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, तुझी नजर कधी चुकत नाही, आई. मग माझ्या हातावर हात ठेवला, आयुष्यात कधी ठेवला नव्हता, आणि परातीतली एक स्वतः उचलून खिशात घातली.

मला पोलिसांना इंग्रजीत पत्ता सांगता येत नाही. अनिलचा नंबर सत्याच्याच फोनात आहे. पिस्तुलाच्या कपाटाच्या कुलपाचा आकडा त्याच्या डोक्यात. मी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले आहे, पण म्हातारीचा डोळा कधी लागेल, भरवसा नाही. हे वाचलंस की आधी अनिलकाकाला फोन कर. ते पिस्तूल आजच्या आज घरातून न्यायला सांग. मग विमानात बस. बाबाशी काय बोलायचं ते मला माहीत नाही. तुला तरी ठाऊक असेल.

तुझीच,
दारात बसलेली आजी