गोड्या पाण्यातले खेकडे

१६ जून १९५७
अब्बांचं पत्र. गावच्या मास्तरांच्या अक्षरात. पुन्हा तेच! — 'मदिना, तिथल्या नदीत काय काय सापडतं ते सविस्तर कळव.' अहो, मी लिहिलं होतं की पिंपरीत जीव रमत नाही, लग्नाला सात महिने झाले, मला घेऊन जा. त्यावर एक अक्षर नाही! लेक कशी आहे ते नाही, खेकडे कसे आहेत ते विचारतात.

१७ जून
रागारागानेच उत्तर लिहिलं. पवनेत एकाच जातीचा खेकडा, काळपट, रुसलेला. आपल्या खाडीत आम्ही अकरा जाती मोजल्या होत्या. अब्बा होडीतून माणसं पैलतीरी न्यायचे, मी पुढच्या टोकाला नाळेवर बसायची. मध्येच ते पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे. 'इथं खार कमी झाला. आता चिंबोऱ्या संपल्या बघ.' आणि खरंच संपायच्या! मुखाशी वेगळ्या, तिवरांच्या चिखलात एका मोठ्या नांगीच्या, वर गोड्या पाण्यात आणखी वेगळ्या. अम्मी गेल्यावर आम्ही दोघंच होतो ना, तेच आमचं बोलणं.
शेवटी लिहिलं — पावसाळा सरून आगबोट सुरू झाली की न्यायला या. कायमचं.

२ जुलै
हे कारखान्यात. दिवसभर कुणाशी बोलले नाही. घरमालकीण सरुबाई हाक मारत होत्या, मी दार लोटून बसले. माझं कोकणी बोलणं ऐकून हसतात त्या.

५ जुलै
सरुबाईंनी बांधावरचा एक खेकडा आणून दिला, कालवणासाठी. जिवंत. मला कापवेना. घमेल्यात पाणी घेतलं, चार मुठी मीठ टाकलं — त्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून! सकाळपर्यंत मेला. हे हसले. मला मात्र फार रडू आलं. मग वरणभात लावला.

६ जुलै
मीठ संपलं.

२१ ऑगस्ट
आज सरुबाईंना त्या खेकड्याचं सांगून टाकलं. 'आगं बया, मिठात घातलास व्हय त्याला!' पोट धरून हसल्या. मीही हसले — किती दिवसांनी! मग मला हाताला धरून नदीवर नेलं. काठचा दगड उलटला. खाली मादी. तिच्या पोटाखालची झडप त्यांनी अलगद उघडली — आत पिल्लं! मसुराएवढी, शंभर तरी, नांग्यांसकट पुरते खेकडे. आपल्या चिंबोऱ्या अंडी सोडायला समुद्राकडे जातात. हिने समुद्र पाहिलेलासुद्धा नाही, आणि सगळा संसार पोटाशी घेऊन बसलेली!
'आमी ह्या दिसांत मादी खात न्हाई,' सरुबाई म्हणाल्या. दगड आम्ही होता तसा ठेवला.

२२ ऑगस्ट
अब्बांना चार पानं लिहिली. कुठे दगड, कुठे गाळ, कुठे करंजाची सावली. ओढ मंद तिथे खेकडे जास्त, घाण नाला मिळतो तिथे एकही नाही. जात एकच, पण भरपूर. 'न्यायला या' लिहायचं राहिलं. आठवलं तेव्हा पत्र पेटीत पडलं होतं.

१२ सप्टेंबर
उत्तर नाही. येणार नसाल तर नाही म्हणा, पण काही तरी लिहा!

२२ सप्टेंबर
अब्बा आले! न्यायला आले असं वाटलं — मग सामान पाहिलं. ट्रंक, जाळं, अम्मीची हंडी. 'पूल झाला, बाय. उन्हाळ्यातच. होडी बंद.' म्हणजे नदीचं विचारत होते ती सगळी पत्रं स्वतःसाठी…! चहासुद्धा थांबवला. 'नदी कुठं हाय?' काठावर बसून पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, 'ऱ्हाऊ ना मी इथं?'