गळ टाकण्याचा परवाना

गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४

आज मला पकडलं! एसटीत कंडक्टर होतो, जन्मभर लोकांना तिकीट विचारलं. आज धरणावर एक मिशीवाला मला विचारतो — "चाचा, परवाना हाय का?" मला वाटलं, बिडी ओढतोय म्हणून हटकतोय. तर गळाचा! मच्छीमार सोसायटीचा राखणदार आहे म्हणे, हिंदुराव नावाचा. धरणातले मासे सोसायटीचे, गळ टाकायचा तर कागद पाहिजे.

आमच्या हर्णैच्या खडकांवर बसून इतकी वर्षं गळ टाकून गरवलं. होडीला परवाना लागतो, ठाऊक आहे. पण काठीला? अख्ख्या समुद्राने कधी विचारलं नाही, आणि या गोड्या डबक्याला एवढा माज!

काठी जप्त. अनिस बाजूला उभा राहून हसत होता. पोटचा पोरगा!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

काठी नाही, तर करायचं काय? या कुरुळीत खिडकीतून कंपनीच्या बसेस तेवढ्या दिसतात. माझी बायको ताजुन्निसा गेली तेव्हा अनिस मला "महिनाभर चला" म्हणून घेऊन आला. तो महिना अजून संपेना. मला घरी जायचंय. रोज सांगतो. रोज तो म्हणतो, "अब्बा, तिथे एकटे काय करणार?" काय करणार म्हणजे? गरवीन की!

गुरुवार, १४ नोव्हेंबर

राजगुरुनगरला सोसायटीच्या ऑफिसात गेलो. अर्जात विचारलंय — मासेमारी कशासाठी? व्यवसाय की छंद? छंद लिहिलं. घरी आल्यावर सून, शाहीन, पोट धरून हसली. "अब्बा या वयात छंदीफंदी झाले!"

तिथल्या क्लार्कबाईंना मी भाबडेपणाने सांगितलं, लहान मासा लागला तर सोडून देतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सोडायचाच, तर धरता कशाला?" मी खिशातून आधार कार्ड काढून पुढे केलं.

खरी अडचण पुढेच. छंदाचा परवाना फक्त तालुक्यात राहणाऱ्याला. माझ्या आधारवर पत्ता हर्णैचा. "बदलून आणा," म्हणाल्या. मुळीच नाही! आज पत्ता बदलला की उद्या अनिस घराला गिऱ्हाईक शोधणार. एवढं कळतं मला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पुन्हा गेलो, थेट मोठ्या साहेबांना गळ घालायला. गळ टाकायला मिळावा म्हणून गळ घालायची! साहेब निवडणुकीच्या गडबडीत. शिपायाने चहा पाजून परत पाठवलं.

सोमवार, २ डिसेंबर

धरणावर रिकाम्या हातांनी बसलो. बसायला तरी परवाना लागत नाही अजून! हिंदुराव शेजारी येऊन बसला, तंबाखू पुढे केली. मी विचारलं, तुझं गाव कोणतं? त्याने पाण्याकडे बोट केलं. "ह्येच की. खाली हाय."

मला कळायला वेळ लागला. धरण झालं तेव्हा त्याचं घर बुडालं. "त्या दिशी तुमचा गळ जितं पडला ना चाचा, तितं आमची चूल व्हती." म्हणजे मी त्याच्या स्वयंपाकघरात गळ टाकून बसलो होतो! मी विचारलं, मग कागदावर पत्ता काय लावतोस? म्हणाला, "नव्या वस्तीचा. रेशन तर पायजे का न्हाई?"

हसत सांगितलं त्याने. मला मात्र फार वाईट वाटलं. माझं घर निदान कोरडं तरी आहे.

बुधवार, ११ डिसेंबर

अनिसला म्हटलं, बदल पत्ता. पठ्ठ्याने लगेच मोबाईल काढला. मी दम भरला, "घर विकलंस तर तुझ्या दारात बसून मासे साफ करीन!" त्याचं तोंड उतरलं. "घर विकायचं कोण म्हणालं, अब्बा?"

कुणीच नाही. मीच आपला मनात धरून बसलो होतो. ओशाळलो, पण दाखवलं नाही.

सोमवार, ६ जानेवारी २०२५

परवाना आला, मार्चअखेरपर्यंतचा! फोटोत मी अट्टल चोर दिसतो. काठीही परत मिळाली.

गुरुवार, ९ जानेवारी

कार्ड खिशात घेऊन ऐटीत गेलो, तर हिंदुराव विचारीना! शेवटी मीच म्हटलं, अरे, विचार की. तेव्हा कुठे गडी उठून उभा राहिला, मिशीला पीळ दिला — "चाचा, परवाना हाय का?" दाखवला. दोघंही खोकला लागेपर्यंत हसलो.

दोन चिलापी लागल्या. चव मातीची, पण आपल्या हातच्या. ताजुन्निसा कुरकुरायची, "तुम्ही नुसते धरता, साफ मला करावे लागतात." आज मीच केले. थोडा रडलो. शाहीनने पाहिलं, तर कांद्यावर ढकललं. चाकणजवळ राहून कांद्याला काय तोटा!

गुरुवार, १६ जानेवारी

हिंदुरावच्या बायकोने भाकरी आणि ठेचा पाठवला. मासे शून्य. मजा आली.

रविवार, १९ जानेवारी

अनिसच्या कंपनीने त्याची प्रॉडक्शन लाइन गुजरातला हलवली. पुढच्या महिन्यात सगळं बिऱ्हाड तिकडे. जेवताना चाचरत म्हणाला, "अब्बा, तुम्हाला आधी हर्णैला सोडतो. तुम्हाला जायचंच होतं ना?"

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "मला मार्चमध्ये परवाना रिन्यू करायचाय."