पाणटिवळा लाल व्हायचा होता

१६ मार्च, रवि.
दीपाबरोबर डोंगरावरचा तलाव. पाणी बरंच उतरलंय, कडेला मस्त चिखल. पक्षी म्हणाल तर तुतवार नेहमीचेच. आणि त्यांच्यात एकटाच पाणटिवळा! लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून खात होता. मान लालसर व्हायला लागलीय. पूर्ण लाल झाला की उत्तरेला निघेल.
दीपा हरखली. भाऊजी गेल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात नाहूरची जागा सोडून कायमची मुलीकडे नागपूरला चाललीय. इतक्या वर्षांचा शेजार. म्हणाली, "सुनू, ह्याला पूर्ण लाल झालेला बघायचं आणि मगच जायचं. तोवर आपल्या पक्षीवाल्या ग्रुपवर टाकू नको हां. तोफावाले त्या लांबलचक लेन्सचे कॅमेरे घेऊन धावतील."
शब्द दिला.

१९ मार्च, बुध.
ग्रुपवर सगळे आपापल्या खाडीतले फोटो मिरवतायत. राहवलं नाही, पाणटिवळा टाकला. जागा सांगितलेली नाही, म्हणजे शब्द मोडला असं काही नाही. धडाधड 'झकास' येतायत. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

२३ मार्च, रवि.
वाट लागली. काठावर जत्रा. माझ्या फोटोत मागे पंपाची पांढरी खोली आली होती. ह्या लोकांना तेवढं पुरतं. एक जण तोफेसकट चिखलात उतरला, सगळा थवा उठला. पाणटिवळ्याने दोन घिरट्या घातल्या आणि टेकडीपलीकडे गेला. अजून नीट खाऊन झालं नव्हतं त्याचं.
वर एक जण दीपासमोरच मला, "थँक यू हां ताई, काय फोटो टाकलात!"
रिक्षात दीपा एवढंच म्हणाली, "तुला सांगितलं होतं ना गं."
भांडली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च, पाडवा
सकाळी एकटीच तलावावर जाऊन आले. नाही. श्रीखंड घेऊन दीपाकडे गेले. तिने वाटी दारातच घेतली. आत ये म्हणाली नाही.

५ एप्रिल, शनि.
दीपा गेली. मी खोकी टेम्पोत चढवू लागले. "राहू दे गं, पोरं आहेत," म्हणाली. माफी मागायची होती. "पोचलीस की फोन कर," एवढंच बोलले. मूर्ख मी.

६ एप्रिल, रवि.
तलावावर दोन टिटव्या आणि रिकामा चिखल. तेवढ्यात दीपाचा फोन.
"पोचले. तलावावर आहेस ना? दिसला का गं?"
"हो," मी म्हटलं. कसं निघून गेलं तोंडातून!
"लाल?"
"पूर्ण."
मग नाक ओढल्याचा आवाज. "बरं झालं गं बाई. मला वाटलं, उपाशीच गेला. फोटो पाठव ना."
रात्र झाली, पाठवलेला नाही. जुना आहे तो अर्धाच लाल, तिला लगेच कळेल. उद्या रजा टाकून परत जाते.