तंगुसाची पहिली तार

८ जानेवारी १९८४, रविवार
या घरात पक्कड नाही. म्हणजे शास्त्रतः आहे, व्यवहारतः नाही. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही समया जमवल्या, पंचपात्री जमवल्या, पण वस्तू जागेवर ठेवण्याची परंपरा काही निर्माण करू शकलो नाही. सकाळ सगळी शोधण्यात गेली. दुपारी सापडली. कोकमाच्या बरणीचं झाकण उघडायला सौ.ने नेली होती, ती तिथेच स्थायिक झाली. सौ. म्हणते, स्वयंपाकघरातून दोनदा सांगितलं. असेल.

पक्कड कशाला, तर विनूची गिटार. भाचा मस्कतला जाताना आमच्या माळ्यावर टाकून गेला. इथल्या खाऱ्या हवेने तारा गंजल्यात. पेटीत नव्या तारांचं पाकीट आहे, आणि एक इंग्रजी पुस्तिका: लोकगीतांसाठी गिटारीला तारा कशा चढवाव्यात, नवशिक्यांकरिता. नवशिका मी. लोकगीतं सौ.ची. देवरुखकडच्या तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. जातं गेलं, गिरणी आली, ओव्या भांडी घासताना चालू राहिल्या. त्यांच्यामागे एक सूर धरून ठेवायचा, एवढाच बेत. वय झाल्यावर माणसं बागकाम करतात. मी हे.

१० जाने.
जि. प.ची सभा अर्धी टाकून कानाच्या डॉ.कडे. त्यांनी दोन दातांचा लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटला, कानासमोर धरला. "येतंय?" नाही. मग कानामागच्या हाडावर टेकवला. लख्ख आला, देवळातली घंटा वाजल्यासारखा.
"हाडातून येतंय, हे चांगलं. आतलं इवलंसं हाड घट्ट झालंय. दोन्हीकडे. मुंबईला ऑपरेशन होतं. बहुतेकांचं सुधारतं."
"उरलेल्यांचं?"
"त्या कानाचं आहे तेही जातं. शिमग्याच्या आत काय ते कळवा."
इतकं ओरडून बोलले की बाहेर बाकावरच्या बायकांनीही आपापसात माझ्या ऑपरेशनचा विचार सुरू केला असणार.
घरी सौ.ला सांगितलं, मळ होता. काढला.

१२ जाने.
तारा चढवल्या. पाकिटांवर एक ते सहा आकडे. आमच्या डोक्यात पहिला म्हणजे ज्येष्ठ, त्याचा पाट सगळ्यात वर. पहिली तार काढली तर केसासारखी बारीक. म्हटलं, साहेबाच्या घरी धाकट्याला मान देत असतील. मुंजीची पंगत वाढावी तशा वरून खाली ओळीने बसवल्या. बारीक तार रुंद खाचेत खुळखुळते, जाडी अरुंद खाचेत बसेना. सगळी पंगत उलटी बसली होती. पानं वाढून झाल्यावर उठवली.
तारेचं टोक बोटात घुसलं. सौ.ने हळद लावली. "वर्तमानपत्रवाल्याला काय करायच्येत तारा," म्हणाली. फार दमलो. बातमी पाठवायची राहिली.

१५ जाने.
आज सरळ क्रमाने. जाड्या तारा निमूट बसल्या. शेवटी बारीक, म्हणजे त्यांची पहिली. पिळत गेलो. पुस्तिका म्हणते, सूर येईपर्यंत पिळा. मला तो येईना. जरा जास्त पिळली. सौ. दारात आली, ओठ हलताना दिसले. मी हात वर केला, थांब म्हणून. तार तुटली, मनगटावर ओरखडा काढून गेली.
"मघापासून सांगत्ये, पुरे करा. रडायला लागली होती ती."
मी मनगट पुसलं.
"मळ काढला ना डॉक्टरांनी?"
"काढला."
ती बघत राहिली. मी पुस्तिका वाचण्याचं नाटक केलं. उलटी धरली होती की काय, देव जाणे.

आमची सगळी विद्या कानाने आलेली. वेदपाठशाळेत गुरुजी म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो, पाटी-पेन्सिलीला हात लावायची परवानगी नव्हती. त्या माणसावर ही वेळ यावी यात काहीतरी विनोद आहे. आज सापडत नाही.

१७ जाने.
मिरकरवाडा बंदर. बर्फाच्या तुटवड्याची बातमी करायला. लिलाव पूर्वी रस्त्यावरूनच ऐकू यायचा. आज माणसांची तोंडं उघडत-मिटत होती, भाव मी त्यांच्या बोटांवरून टिपले. चुकले असतील तर तेवढ्यापुरती सुरमई स्वस्त झाली म्हणायची.
गावात गिटारीची तार मिळत नाही. होडीवाल्या दत्तारामकडे तंगूस मागितला, मासे गरवायचा नायलॉनचा दोरा.
"काय वो भाऊ, गरवायला निघालाव?"
"गिटारीला लावायचाय."
"मंग गळ पन न्या की. कायतरी घावंल."
शेजारची सगळी हसली. मीही हसलो, जरा उशिरा. दत्ताराम हल्ली माझ्याशी बोलताना अगदी जवळ येऊन उभा राहतो. कधीपासून, ते लक्षात नाही.

१९ जाने.
पेपरच्या कार्या.चा ट्रंक कॉल. उपसंपादक काहीतरी विचारत होते, मी "हो" म्हणालो. परत विचारलं, परत "हो". आता ते "हो" छापून येणार.

२१ जाने.
आलं. म्हणे जि. प.ची सभा शांततेत पार पडली. खुर्च्या फेकल्या होत्या. अध्यक्षांनी घरी पेढे पाठवले. सौ. म्हणाली, असे पेढे कधीपासून यायला लागले आपल्याकडे? खाल्ले नाहीत. शेजारी दिले.

२२ जाने., रविवार
तंगूस ताणतो आणि ढिला पडतो, मंत्र्याच्या आश्वासनासारखा. चढवला की उतरतो. शेवटी सौ.लाच कामाला लावलं. ती पोळ्या लाटत होती, मी उंबऱ्यात बसून चावी पिळत होतो, नजर तिच्या तोंडाकडे.
"वर. अजून वर. अंमळ खाली... हां. राहू दे."
तिच्या "हां"वर थांबलो. आमच्या शास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात.
"तुम्हाला नाही कळत?"
"शिकाऊ आहे मी."
"हूं." पोळी जरा जोरात उलटली.

२५ जाने.
खालची गाठ बघायला वाकलो, हनुवटी गिटारीच्या काठावर टेकली, आणि हात सहज तारेला लागला. लख्ख. डॉ.च्या चिमट्यासारखं. तंगूस आहे, जरा बोबडा आहे, पण बोलतो. कितीतरी वेळ तसाच बसून होतो. एक तार, मग दुसरी. सहाही जणी बोलल्या. मान अवघडली.
सौ. आली. "हे काय बसणं?"
"बस जरा. एखादी ओवी म्हण. मी सूर धरतो."
ती लाजली, या वयात. मग भिंतीला टेकून बसली, डोळे मिटून म्हणू लागली. मी हनुवटी टेकवून तार छेडत राहिलो.
तार ऐकू आली. ओवी नाही. लाकडातून तार येते, तिचा गळा येत नाही. तार थांबवली तरी मला हाताच्या अंतरावरून नुसती गुणगुण, शब्दावाचूनची. तिचे ओठ दिसत होते. मी मान डोलावली.
संपल्यावर डोळे उघडले. "कुठली म्हटली मी?"
"तुझ्या आईची."
"सगळ्या आईच्याच आहेत."
उठली, आत गेली. गिटार पेटीत ठेवताना तंगूस पुन्हा उतरलेला. बोटालाच कळलं.

२८ जाने.
काही नाही. बातमी नाही, भूक नाही. दुपारी झोपलो. सौ. दिवसभर गप्प. की बोलत होती.

२९ जाने., रविवार
सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवून सौ. समोर बसली. माझ्या डोळ्यांसमोर, सावकाश, एकेक शब्द मोकळा करून म्हणाली, लहान मुलाशी बोलावं तशी:
"पुढच्या खेपेला मळ काढायला जाल, तेव्हा मी येत्ये बरोबर."
मी "बरं" म्हणालो. चहा घेतला. तिला कधीपासून माहीत आहे ते विचारलं नाही. ऑपरेशनचं सांगणार होतो, सांगितलं नाही. डॉ.ना कळवलेलं नाही.

कार्या.चं बघता येईल. कुणी दुसरा पोरगा धाडतील, मी टपालाने लिहीन. सभांमध्ये ऐकण्यासारखं तसं फारसं काही नसतंच. त्याचं काही नाही.

ऑपरेशन केलं आणि फसलं तर त्या बाजूची गुणगुणही जाईल. नाही केलं तर ती अशीच उतरत जाईल, तंगुसासारखी, आणि ती परत चढवता येणार नाही. बुधवारी सौ. माझ्या शेजारी बसून आईची ओवी म्हणत होती आणि मला ती ऐकू आली नाही. यापूर्वी शेवटची ओवी नीट ऐकली ती कोणती आणि कधी, हे मी कालपासून आठवतो आहे. आठवत नाही. मला भीती याची वाटते.